मँगनीजची अभिक्रिया जुन्या बाटलीतच का चालते?

अर्धवट_यील्ड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पुण्यात सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करतोय, चौथं वर्षं. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बेंझिनची दोन वलयं एकमेकांना जोडायची तर आज जगभर सुझुकी अभिक्रिया वापरतात. एका वलयावर ब्रोमीन, दुसऱ्यावर बोरॉनिक आम्ल, सोबत बेस आणि चिमूटभर पॅलेडियम. पॅलेडियम नसेल तर भांडं आठवडाभर तापवत बसा, काही होत नाही. माझं काम असं की पॅलेडियम काढून त्या जागी स्वस्त, मुबलक धातू आणायचा. मी मँगनीज क्लोराइड घेतलं.

जूनमध्ये ७८ टक्के यील्ड (हाती आलेला माल) आलं. त्या रात्री मी मेसचं जेवणसुद्धा गोड मानून जेवलो. पुढच्या तीन महिन्यांत अकरा वेगवेगळे सबस्ट्रेट (सुरुवातीचे रेणू) केले, सगळे ६० च्या वर. पेपर लिहायला घेतला.

दिवाळीहून परत आलो. पोटॅशियम फॉस्फेटची (हाच माझा बेस) बाटली संपली होती, नवी उघडली. तीच कंपनी, तोच ग्रेड. यील्ड ६ टक्के. पुन्हा केली, ५. पुन्हा, ६. सॉल्व्हंट नव्याने सुकवला, नायट्रोजन जास्त वेळ सोडला, मँगनीजची दुसरी बाटली आणली. ढिम्म.

गाईडचं म्हणणं, तुझा हात बिघडलाय. चौथ्या वर्षी हात कसा बिघडतो? जुन्या बाटलीत असं काय होतं? तळाला खरवडून थोडी भुकटी निघेल, तेवढीच उरलीय. कोणाला असा अनुभव आहे का?

शेवंताची_आई

शीर्षक वाचून फार अपेक्षेने आले होते. जुनी बाटली, नवी बाटली... असो. ह.घ्या.

तारापूरकर

पॅलेडियम. पैज लावतो.

अर्धवट_यील्ड

@तारापूरकर, काका, पॅलेडियम मी वापरलेलंच नाही. सगळा खटाटोप ते टाळण्यासाठीच आहे.

तारापूरकर

तू वापरलं नाहीस रे. त्याने तुला वापरलं.

निवृत्त_मास्तर

तारापूरकर थट्टेत बोलले, पण बोट बरोबर जागी ठेवलंय. जरा सविस्तर लिहितो, आता वेळच वेळ आहे.

२००३ मध्ये लेडबीटर यांच्या गटाने प्रसिद्ध केलं की मायक्रोवेव्हमध्ये, पाण्यात, कुठलाही धातू न घालता सुझुकी अभिक्रिया होते. आमच्या विभागात तेव्हा यावर कडाक्याची चर्चा झाली होती. २००५ मध्ये त्याच गटाने स्वतःच्या दाव्याची फेरतपासणी करून लिहिलं की सोडियम कार्बोनेटमध्ये ५० पीपीबीच्या आसपास पॅलेडियम होतं. पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग. साधा धुण्याचा सोडा, आणि त्यात एवढं राहून गेलेलं. स्वतःहून शोधून, स्वतःच्या नावाने छापलं, म्हणून मला त्या माणसाबद्दल आदर आहे.

आता तुझं गणित करू. समजा तुझी अभिक्रिया एक मिलिमोलवर आहे. तिच्यात १० मायक्रोग्रॅम पॅलेडियम शिरलं. मिठाच्या एका कणाचं वजन याहून जास्त भरतं. पॅलेडियमचा अणुभार १०६.४. म्हणजे तुझ्या रेणूंच्या तुलनेत साधारण दहा हजारांना एक अणू. तो अणू एका वलयातला कार्बन-ब्रोमीन बंध तोडून मध्ये बसतो, बोरॉनकडून दुसरं वलय घेतो, दोघांना जोडून देतो आणि मोकळा होऊन पुढच्या जोडीकडे जातो. दहा हजार वेळा हे करणं पॅलेडियमला जड नाही. म्हणून ही अभिक्रिया अशी दगाबाज. दुसऱ्या एखाद्या अभिक्रियेत एवढ्याशा मळाने काही बिघडलं नसतं आणि घडलंही नसतं.

एक विचारतो. ब्लँक, म्हणजे मँगनीज न घालता बाकी सगळं तसंच ठेवून अभिक्रिया, केली होतीस का?

अर्धवट_यील्ड

केली होती सर. जूनमध्येच. शून्य टक्के. टीएलसीवर (माल झालाय का बघायच्या पट्टीवर) स्पॉटसुद्धा नव्हता. म्हणून तर खात्री होती.

कोकणी_काजू

विज्ञानाशी फारकत होऊन तीस वर्षं झाली, पण मास्तरांचा प्रतिसाद कळला. म्हणजे उत्प्रेरक हा लग्न जुळवणारा मध्यस्थ म्हणायचा का? आमच्या गावात एक काका होते, शंभराच्या वर लग्नं जुळवली आणि स्वतः ब्रह्मचारी.

खवचट_खापर

मध्यस्थाची उपमा प्रत्येक बारावीच्या क्लासमध्ये देतात. कंटाळा आला. विरजण म्हणा.

निवृत्त_मास्तर

विरजण नको. विरजण वाढतं. आज चमचाभर घातलं की उद्या पातेलंभर, त्यातलंच परत लावा. पॅलेडियम जेवढं घातलं तेवढंच राहतं, उलट हळूहळू मरतं. फ्लास्कच्या काचेवर काळी झिलई धरते ना, ती त्याची राख समजा. काकाच बरे. फक्त हे काका पहिल्या मांडवात आधी वधूला माहेरपासून तोडून स्वतःच्या घरी आणतात आणि मग वराला बोलावतात. गावात चाललं नसतं.

कोकणी_काजू

मास्तर _/\_

लाफायेत_वरून

धागा आवडला. मी इंडियानात राहतो, पर्ड्यू विद्यापीठ गाडीने दहा मिनिटांवर. २०१० चं रसायनशास्त्राचं नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना मिळालं ते याच पॅलेडियमच्या जोडणीसाठी. त्यातले नेगिशी इथलेच प्राध्यापक होते. सुझुकीसुद्धा साठच्या दशकात इथे हर्बर्ट ब्राउन यांच्याकडे पोस्टडॉक करून गेले. ब्राउन म्हणजे बोरॉनवाले, त्यांचं स्वतःचं नोबेल १९७९ चं. त्याच वर्षी होक्काइदोत सुझुकी आणि मियाउरा यांनी बोरॉन-पॅलेडियमची जोडणी प्रसिद्ध केली. गुरूला बक्षीस आणि शिष्याचा शोध एकाच वर्षी.

हेक यांची गोष्ट मला जास्त आवडते. डेलावेअरमध्ये हर्क्युलस नावाच्या रसायन कंपनीत नोकरीला होते. १९६८ मध्ये एकाच अंकात ओळीने सात पेपर, सातही एकट्याच्या नावावर. आज सात लेखक असले तरी पेपर सडपातळ वाटतो. निवृत्तीनंतर फिलिपीन्सला जाऊन राहिले, तिथेच २०१५ मध्ये वारले.

आणि सुझुकींनी या अभिक्रियेचं पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर तारापूरकरांच्या कंपनीला दर बॅचमागे जपानला दक्षिणा पाठवावी लागली असती.

खवचट_खापर

सगळं छान. पण दोन बेंझिन जोडून सामान्य माणसाला काय मिळालं? करदात्यांच्या पैशावर चार वर्षं वलयं जोडतोय, आणि आता तीही जुळेनात.

तारापूरकर

@खवचट_खापर, घरात कोणी बीपीची गोळी घेतं का? लोसार्टन, वल्सार्टन, बहुतेक कुठलंही सार्टन. पाकिटावर नाव बघून ये. त्या रेणूच्या मध्यभागी दोन बेंझिन वलयं एकमेकांना चिकटलेली आहेत. मर्कने लोसार्टनच्या उत्पादनात ती सुझुकीनेच जोडली. तिथे पोचायचे दुसरे रस्तेही आहेत, सगळे पॅलेडियमवरच चालतात असं नाही. पण वलयं जोडल्याशिवाय गोळी नाही.

आता पीएचडीवाल्यासाठी. मी पंचवीस वर्षं प्लांटवर काढली. लॅबवाल्यांना पॅलेडियम घालणं हे काम वाटतं, आम्हाला ते काढणं हे काम. तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या आत लागतं. त्यासाठी कार्बनची ट्रीटमेंट, थायॉल लावलेली सिलिका, मग हायफ्लोचा बेड, मग परत टेस्टिंग. पॅलेडियम कार्बन (कोळशाच्या भुकटीवर बसवलेलं पॅलेडियम) असेल तर फिल्टरवरचा केक कोरडा पडू द्यायचा नाही, मिथेनॉलची वाफ आणि कोरडा केक म्हणजे आग. मी एकदा पाहिलीय, निळसर, दिवसाउजेडी दिसतही नाही. वापरलेला कॅटॅलिस्ट ड्रममध्ये सील करून वजन करून रिफायनरीकडे, गेटवर दोन सह्या. २०१९ नंतर काही वर्षं पॅलेडियम सोन्याहून महाग होतं, तेव्हा आमचा सिक्युरिटीवाला त्या काळ्या चिखलाच्या ड्रमजवळ खुर्ची टाकून बसायचा.

आणि मी पैज का लावली ते. नाव घेत नाही, जुनी कंपनी. एका इंटरमीजिएटवर ब्रोमीन होतं, ते पुढच्या स्टेपला हवंच होतं. लॅबला काचेत शंभर वेळा केलेली प्रोसेस, फॉर्मेट सॉल्ट घालून गरम करायचं, बस. प्लांटला ४०० किलोची बॅच घेतली तर निम्म्या मालावरचं ब्रोमीन गायब! तीन दिवस कोणाला झोप नाही. ऑपरेटरपासून पाण्याच्या लाइनपर्यंत सगळ्यांवर संशय. शेवटी लॉगबुक उघडलं. त्याच रिॲक्टरमध्ये आधी पॅलेडियम कार्बनवर हायड्रोजनेशनची कॅम्पेन झाली होती. क्लीनिंग झालं होतं, स्वॅब (आतून पुसून घेतलेला नमुना) पास होता. पण स्वॅबमध्ये आधीचं प्रॉडक्ट उरलंय का एवढंच एचपीएलसीवर बघितलेलं. धातू कोणी बघितलाच नव्हता. कुठल्या तरी गॅस्केटच्या खाचेत पॅलेडियम बसून राहिलेलं, त्याला फॉर्मेट मिळालं आणि त्याने सुरुवात केली.

तेव्हापासून अभिक्रिया विनाकारण चालली तरी मी पॅलेडियम म्हणतो, आणि विनाकारण बिघडली तरी पॅलेडियमच.

खवचट_खापर

घरी बघून आलो. बाबांची लोसार्टन ५०. प्रश्न मागे घेतो, सूर मागे घेत नाही.

मृण्मयी_क

उशिरा आले, पण दोन गोष्टी.

एक, हे फक्त पॅलेडियमपुरतं नाही. लोहावर चालणाऱ्या जोडणीच्या अभिक्रियांची मोठी लाट आली होती, फेरिक क्लोराइड घाला आणि कार्बन-नायट्रोजन बंध करा. स्वस्त, बिनविषारी, सगळे खूश. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या फेरिक क्लोराइडने वेगवेगळं यील्ड यायचं. २००९ मध्ये आखेनचे बोल्म आणि एमआयटीचे बुखवाल्ड यांनी मिळून तपासलं. फेरिक क्लोराइड जितकं शुद्ध तितकं यील्ड कमी! त्यातलं पीपीएम (दशलक्षात एक भाग) पातळीवरचं तांबं बऱ्याच अंशी काम करत होतं. बोल्म हे स्वतः त्या लोहाच्या अभिक्रिया शोधणाऱ्यांपैकी, आणि बुखवाल्ड तांब्या-पॅलेडियमवाले. दोघांनी एकत्र बसून निकाल लावला, भांडले नाहीत. आपल्याकडे एका विभागात दोन प्राध्यापक एनएमआरच्या स्लॉटवरून बोलत नाहीत.

दुसरी गोष्ट तुझ्यासाठी, अर्धवट. तू सगळा दोष बाटलीवर ठेवलायस. जुनी बाटली संपली तेव्हा आणखी काय बदललं? नवी ऑर्डर आली की लॅबमध्ये एकटी बाटली येत नाही. व्हायल, सेप्टा, सिरिंज, बीड (ढवळायचं टेफ्लॉनमधलं चुंबक), काय काय आलं होतं खोक्यातून? नीट आठव.

अर्धवट_यील्ड

मृण्मयीताई, तुमचा प्रतिसाद वाचून लॅबमध्ये जाऊन आलो. रात्रीचे साडेअकरा.

त्या ऑर्डरमधून मॅग्नेटिक बीड आल्या होत्या. दहाचं पाकीट. प्रेशर ट्यूबमध्ये बसेल अशी अंड्याच्या आकाराची एकच बीड माझ्याकडे होती, जूनपासून दिवाळीपर्यंतच्या सगळ्या अभिक्रिया तिच्यावरच केल्या, नंतर नव्या वापरायला लागलो. माझ्याकडे ती लकी बीड म्हणूनच ओळखली जायची. एक सीनियर पोस्टडॉकला जाताना टेबल आवरून देऊन गेली, त्यात ती होती. सीनियर काय करायची? पॅलेडियम.

बीड आत्ता हातात आहे. एका टोकाला करडी, मध्ये चरे पडलेले, चऱ्यांत काळं. मला वाटायचं वापरून वापरून मळलीय.

आणि ब्लँक. जूनमधली ब्लँक मी छोट्या व्हायलमध्ये केली होती, प्रेशर ट्यूब तेव्हा भरलेली होती म्हणून. व्हायलमध्ये अंड्याच्या आकाराची बीड मावत नाही. लहान, नवीन बीड टाकली होती.

मी जाऊन झोपतो.

शेवंताची_आई

अरे देवा. मला रसायन कळत नाही, पण पोटात खड्डा पडला.

तारापूरकर

पैजेचे वडापाव कोण देणार?

मृण्मयी_क

झोप नको, आधी ऐक. असं झालेला तू पहिला नाहीस. मॉस्कोच्या झेलिन्स्की इन्स्टिट्यूटमधल्या अनानिकोव्ह यांच्या गटाने २०१९ मध्ये वापरलेल्या बीड सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. टेफ्लॉनला चिरा, खड्डे, आणि त्यांत आधीच्या अभिक्रियांचे धातू रुतलेले. घासून धुतलं तरी पुरते निघत नाहीत. टेफ्लॉनला काही चिकटत नाही हे तव्याच्या जाहिरातीत ठीक आहे.

आता रीतसर करायचं. सगळं नवं, मँगनीजसह. सगळं नवं, मँगनीजशिवाय. सगळं नवं पण जुनी बीड, मँगनीजशिवाय. आणि जुन्या बाटलीतली खरवड नव्या बीडसोबत, म्हणजे बाटलीचाही निकाल लागेल. एका वेळी एकच गोष्ट बदल. बीड एकदा अम्लराजात (धातू विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण) उकळून ते द्रावण आयसीपी-एमएसला (धातूचा अंश मोजणारं यंत्र) पाठव. फ्यूम हूडमध्ये, जवळपास ॲसिटोन नको, आणि बाटलीत झाकण लावून ठेवायचं नाही. आमच्याकडे एकाने ठेवलं होतं, झाकण छतात गेलं.

चौकस_चिंटू

आधी बीड उकळू नको!!! आधी तिच्यावर अभिक्रिया करून घे, मग उकळ. पुरावाच धुवून टाकशील.

मृण्मयी_क

@चिंटू, +१. बरोबर, क्रम चुकला माझा.

निवृत्त_मास्तर

पोरगं नाउमेद झालेलं दिसतंय, म्हणून दोन जुन्या गोष्टी. मळाचा इतिहास फक्त नाचक्कीचा नाही.

१९५३, जर्मनीत म्युलहाइम. कार्ल झीग्लर यांच्याकडे इथिलीनच्या रेणूंची लांब साखळी करण्याचं काम चाललं होतं, ॲल्युमिनियमची संयुगं वापरून. एके दिवशी साखळीऐवजी नुसतं ब्युटीन मिळालं, म्हणजे दोन इथिलीन जोडले आणि गाडी थांबली. होल्झकांप नावाच्या विद्यार्थ्याच्या हातून हे झालं. त्यालाही कोणी तरी म्हणालं असेल, हात बिघडला. त्यांनी शोध घेतला तेव्हा ऑटोक्लेव्हमध्ये राहिलेलं निकेल सापडलं. बहुतेक माणसांनी ऑटोक्लेव्ह घासून विषय संपवला असता. झीग्लरनी उलटा प्रश्न विचारला: निकेल साखळी तोडतं, तर दुसरा एखादा धातू ती वाढवेल का? एकेक धातू घालून बघत गेले. झिर्कोनियम चाललं, टायटॅनियम तर धावलं. तुमच्या घरातली घट्ट प्लॅस्टिकची बादली, डबे, पाइप त्यातून आले. १९६३ चं नोबेल नात्तांसोबत.

दुसरी गोष्ट तुझ्या कामाच्या आणखी जवळची. नोझाकी आणि हियामा यांची क्रोमियमची एक अभिक्रिया आहे, त्यात कार्बनची साखळी आल्डिहाइडला जोडता येते, आणि नाजूक, मोठ्या रेणूवरही बाकीच्या गटांना धक्का न लावता. हार्वर्डमध्ये किशी पॅलिटॉक्सिन बनवण्याच्या मागे होते, अजस्र रेणू, आणि ही अभिक्रिया त्यांना फार हवी होती. पण कधी सुरेख चालायची, कधी अजिबात नाही. क्रोमस क्लोराइड कुठल्या कंपनीचं, कुठल्या बॅचचं, यावर अवलंबून! तुझीच रड. १९८६ मध्ये किशींच्या आणि नोझाकींच्या गटांनी वेगवेगळं शोधून काढलं की चांगल्या बॅचमध्ये निकेलचा अंश आहे. तेव्हापासून लोक मुद्दाम चिमूटभर निकेल घालतात आणि अभिक्रियेच्या नावात किशींचंही नाव आलं.

पुढे किशींनी १९९२ मध्ये हॅलिकाँड्रिन बी हा समुद्री स्पंजातून मिळालेला रेणू प्रयोगशाळेत बांधला, त्यात हीच निकेल-क्रोमियमची जोडणी. मग कळलं की कर्करोगाविरुद्ध त्या रेणूचा अर्धाच भाग काम करतो. तो अर्धा भाग सुधारून एसाय कंपनीने एरिब्युलिन हे औषध केलं. १९ स्टिरिओसेंटर (जिथे अणूंची दिशा अचूक जुळावी लागते), साठाहून अधिक पायऱ्या, आणि सगळं माणसाच्या हाताने, जिवाणू नाही, वनस्पती नाही. अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. क्रोमियमच्या बाटलीतल्या मळाचा माग काढला नसता तर त्या साठ पायऱ्यांतल्या काही चढताच आल्या नसत्या.

कोकणी_काजू

मास्तर, एरिब्युलिन हे नाव ओळखीचं आहे. माझ्या धाकट्या मावशीला दिलं होतं, स्तनाचा कर्करोग पसरल्यावर. शिरेतून, पाच मिनिटांत संपायचं ते इंजेक्शन. आम्ही बाहेर बाकावर बसायच्या आधीच ती बाहेर यायची. दीड वर्षं मिळालं तिला, त्यात नातवाची मुंज बघितली. साठ पायऱ्या असतात हे माहीत नव्हतं.

शेवंताची_आई

काजू 🙏

लाफायेत_वरून

इथे थोडं थंड पाणी ओततो, मास्तरांची क्षमा मागून. झीग्लर आणि किशी यांच्या गोष्टी लक्षात राहतात कारण त्यांचा शेवट गोड झाला. बहुतेक वेळा मळ म्हणजे मळच. २०२१ च्या सुरुवातीला एका नामांकित नियतकालिकात पेपर आला, धातूशिवाय, नुसत्या अमाइनवर सुझुकी. आमच्या ग्रुपमध्ये लोकांनी त्याच आठवड्यात करून बघितली. काही महिन्यांत इतर गटांनी दाखवलं की ते अमाइनच पॅलेडियमच्या जोडणीने बनवलं होतं, आणि शुद्ध केल्यावरही त्यात पॅलेडियम दडून राहिलं होतं. वर्ष संपायच्या आत पेपर मागे घेतला गेला. २००३ च्या प्रकरणानंतर अठरा वर्षांनी, तोच खड्डा, तीच अभिक्रिया.

अर्धवट, तुझा पेपर अजून गेलेला नाही. हे तुझं नशीब समज.

खवचट_खापर

नशीब कसलं? अकरा सबस्ट्रेट, तीन महिने, पाण्यात. आणि गाईड साहेब हात बिघडला म्हणून मोकळे. ब्लँक त्याच ट्यूबमध्ये, त्याच बीडवर केली का, हे विचारायचं काम कोणाचं?

चौकस_चिंटू

दोघांचंही. पण पहिलं विद्यार्थ्याचं. (मीही विद्यार्थीच, शिव्या घालू नका.)

तारापूरकर

प्लांटवर असतं तर दोघांनाही मेमो मिळाला असता आणि तिसराच माणूस बदली होऊन गेला असता.

अर्धवट_यील्ड

बारा दिवसांनी येतोय. झोपलो नव्हतो. सगळं दोनदा केलं.

सगळं नवं, मँगनीजसह: ५ टक्के.
सगळं नवं, मँगनीजशिवाय: शून्य.
जुनी बीड, मँगनीजशिवाय: ६९.
जुन्या बाटलीतली खरवड, नवी बीड, मँगनीजसह: ४.
नवी बीड, मँगनीज नाही, ०.०१ टक्का पॅलेडियम ॲसिटेट मुद्दाम घालून: ७४.

मग बीड अम्लराजात उकळली. द्रावण पिवळसर झालं, आणि मला आधीच कळलं. आयसीपी-एमएसचा रिपोर्ट काल आला, पॅलेडियम भरपूर. गंमत म्हणजे उकळून, धुवून, सुकवून तीच बीड पुन्हा लावली तर अजूनही ११ टक्के येतं. मृण्मयीताईंच्या मॉस्कोवाल्यांची चिरांची गोष्ट खरी.

गाईडना सगळं दाखवलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग स्वतः उठून कपाटातल्या सगळ्या बीड एका खोक्यात भरल्या आणि म्हणाले, उद्यापासून प्रत्येकाची बीड वेगळी, डब्यावर धातूचं नाव. हात बिघडला हा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

मृण्मयी_क

शाब्बास. नीटस काम. आणि पिवळसर रंगावरून आधी निष्कर्ष काढू नकोस, अम्लराज स्वतःच पिवळं असतं.

अर्धवट_यील्ड

हो, ते पोस्ट केल्यावर लक्षात आलं.

निवृत्त_मास्तर

छान केलंस. आता त्या पहिल्या ओळीकडे परत बघ. मँगनीजसह ५, मँगनीजशिवाय शून्य. दोनदा केलंस म्हणतोस, दोन्ही वेळा?

अर्धवट_यील्ड

हो सर. ५ आणि ६. शून्य आणि शून्य.

तारापूरकर

मँगनीज क्लोराइड किती टक्के शुद्ध?

अर्धवट_यील्ड

९८.

तारापूरकर

मग त्या दोन टक्क्यांत काय आहे ते बघ. पुन्हा पैज लावू का?

लाफायेत_वरून

पॅलेडियमच असेल असं नाही. निकेलही असू शकेल, तांबंही. आणि अगदी क्वचित, मँगनीजही. ९९.९९ टक्के मागव, दोन वेगळ्या पुरवठादारांकडून. यील्ड टिकलं तर ५ टक्क्यांवरून पुढे काम करता येईल, पडलं तर विषय संपला.

अर्धवट_यील्ड

ऑर्डर टाकलीय. पर्चेस सेक्शन म्हणतं सहा आठवडे, फाइलवर एक सही राहिलीय.

खवचट_खापर

त्या सहीला उत्प्रेरक नाही का?

शेवंताची_आई

सगळा धागा वाचला, अर्धा कळला. पण एक सांगा, म्हणजे बिचारी जुनी बाटली निर्दोष ना? मग शीर्षकात तिचं नाव कशाला अजून?

अर्धवट_यील्ड

खरंय की. संपादक मंडळ, शीर्षकात "बाटली" ऐवजी "बीड" करता येईल का?

संपादक

प्रतिसाद आल्यानंतर शीर्षक बदलता येत नाही. शिवाय तसं केल्यास धागा मराठवाडा विभागात हलवावा लागेल.